एलएसयूचा २०१९ चा सीझन आज बघायचा असेल तर असा बघा

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे एलएसयू, बॅटन रूजची अमेरिकन फुटबॉल टीम. २०१९ च्या सीझनमध्ये १५ पैकी १५ मॅचेस जिंकल्या, एकूण ७२६ पॉइंट केले जे टॉप लेव्हलच्या कॉलेज फुटबॉलमध्ये तोवर एका सीझनमध्ये कोणीच केले नव्हते, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याने ६० टचडाऊन पास (ज्यावर थेट ६ पॉइंट मिळतात असे पास) टाकले, तोही तेव्हाचा रेकॉर्ड. माझ्या मते कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात सुंदर ऑफेन्स, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाचा खेळ, हाच. पण नुसती हायलाइट्स बघून तो कळत नाही, कारण हायलाइट्समध्ये फक्त बॉल उडताना दिसतो आणि खरी गंमत बॉल हलायच्या आधीच घडलेली असते.

अमेरिकन फुटबॉल कधीच बघितला नसेल तर सुरुवातीला एवढंच पुरे. १० यार्ड पुढे जायला ४ चान्स मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. तिसऱ्या डाऊनला खूप यार्ड बाकी असले की टेन्शन अगदी शेवटच्या ओव्हरला २० हवे असल्यासारखं. चौथ्याला बहुतेक टीम लांब किक मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकतात. टचडाऊनचे ६ आणि वर किकचा १. बाकीचं बघता बघता येतं.

आता पहिली गोष्ट, डायरेक्ट २०१९ लावू नका. आधी नोव्हेंबर २०१८ ची अलाबामाविरुद्धची मॅच थोडी बघा, एलएसयू स्वतःच्या घरी २९-० ने हरलं होतं. तोच बरो, तोच हेड कोच एड ओर्जरॉन, आणि आख्ख्या मॅचमध्ये एक पॉइंट नाही. त्या वर्षी बरोचे टचडाऊन पास होते १६. मग सीझन संपल्यावर ओर्जरॉनने न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तिशीही न गाठलेला कोच आणला, ऑफेन्सचा मुख्य कोच स्टीव्ह एन्समिंगर आणि तो दोघं मिळून काम करायला लागले आणि टीमने मैदान आडवं पसरून खेळायला सुरुवात केली.

हे पसरणं बघायला शिकायचंय. स्नॅप, म्हणजे बॉल मागे क्वार्टरबॅककडे जाऊन खेळ सुरू व्हायच्या आधी व्हिडिओ पॉज करा आणि मोजा, पास घ्यायला किती जण बाहेर गेलेत आणि डिफेन्सचे किती जण मध्ये गर्दी करून उभे आहेत. मध्ये गर्दी असेल तर कडेला जमार चेस किंवा जस्टिन जेफरसनला एकच जण अडवायला उरतो, तिकडे पास जाणार. गर्दी नसेल तर क्लाइड एडवर्ड्स-हेलेर बॉल घेऊन मधून घुसणार, आणि हा रनिंग बॅक (मुख्यतः बॉल घेऊन पळणारा) असूनही त्याने सीझनमध्ये ५५ पास पकडलेत म्हणजे त्यालाही मोकळं सोडता येत नाही. दहा-बारा प्ले असे पॉज करून बघितले ना की तुम्ही बरोच्या आधी ओळखायला लागाल.

मॅचेस सगळ्या बघायची गरज नाही. सुरुवात ऑस्टिनमधल्या टेक्सासच्या मॅचने करा (४५-३८). शेवटची अडीच मिनिटं, स्कोअर ३७-३१, तिसरा डाऊन आणि १७ यार्ड हवेत. जुनं एलएसयू असतं तर बॉल घेऊन पळालं असतं, घड्याळ चालू ठेवलं असतं. इथे टेक्सासने ब्लिट्झ केला, म्हणजे बरोवर जादा माणसं सोडली, बरो गर्दीतून पुढे सरकला आणि जेफरसनला पास, ६१ यार्डचा टचडाऊन. हा प्ले चार-पाच वेळा बघा, बॉल सोडून फक्त बरोचे पाय बघा.

ऑबर्न (२३-२०) बघाच, लोक ही वगळतात. ऑबर्नने पुढे फक्त तिघं ठेवून बाकीचे मागे पसरवले आणि त्या सीझनमधला एलएसयूचा सगळ्यात कमी स्कोअर इथेच झाला, म्हणजे या ऑफेन्सवर उत्तर कसं शोधायचं हेही कळतं. मग अलाबामा, यावेळी त्यांच्या घरी टस्कलूसाला, ४६-४१, २०११ नंतर पहिल्यांदाच त्यांना हरवलं. ओक्लाहोमाची सेमीफायनल (६३-२८) पहिल्या हाफपुरती बघितली तरी चालेल, बरोने तेवढ्यातच ७ टचडाऊन पास टाकले.

फायनल मात्र पूर्ण बघा, १३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लिन्स. क्लेमसन सलग २९ मॅचेस जिंकून आलेलं आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७-७ ने पुढे. इथे घाई करू नका, बरोला त्यांचा डिफेन्स वाचायला वेळ लागतोय ते दिसतं, आणि एकदा चेससमोर एकटा ए. जे. टेरेल उरतोय हे त्याने पकडलं की बघत राहावं. टेरेल कच्चा नव्हता हो, त्याच वर्षी एनएफएल ड्राफ्टच्या (प्रो लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या राऊंडमध्ये गेला, तरी चेसने २२१ यार्ड काढले. हाफटाइमला एलएसयू २८-१७ ने पुढे, शेवटी ४२-२५.

सेमीफायनलच्या आधी बरोचं हाइजमन ट्रॉफीचं (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसाचं) भाषण ऐका. ओहायोतल्या आपल्या अथेन्स भागातल्या उपाशी घरी जाणाऱ्या पोरांबद्दल तो रडत बोलला आणि त्यानंतर तिथल्या फूड पँट्रीसाठी (गरजूंना फुकट धान्य-जेवण देणाऱ्या केंद्रासाठी) लोकांनी ५ लाख डॉलरच्या वर पैसे जमवले.

आणि रेकॉर्डचे टेबल बघताना वर्ष तपासा. टचडाऊन पासचा रेकॉर्ड २०२१ ला वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ करून मोडला, चेसचे त्या वर्षीचे १,७८० रिसीव्हिंग यार्ड (पास पकडून काढलेले) एसईसीमध्ये, म्हणजे एलएसयू-अलाबामा ज्यात खेळतात त्या कॉन्फरन्समध्ये, रेकॉर्ड होते तेही पुढच्याच वर्षी अलाबामाच्या डिव्हॉन्टा स्मिथने मागे टाकले.