डोमेन कधी घ्यायचं? नाव ठरेल त्याच दिवशी

"आधी धंदा उभा राहू दे, डोमेनचं मग बघू" असा सल्ला देणाऱ्याला नाव हातचं गेल्याचा अनुभव नसतो. लोगोवर होणाऱ्या खर्चापुढे डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, वर्षाची फी किरकोळ असते. नाव गेलं तर मात्र लोगोही वाया जातो.

१. एकाच नावावर जीव लावू नका, तीन ठरवा. फोनवर सांगताना स्पेलिंग फोड करून सांगावं लागत असेल, तर ते नाव बाद. हायफनवालंही बाद.

२. ट्रेडमार्कच्या नोंदी तपासा. नाव मोकळं दिसलं की त्याच बैठकीत डोमेन घ्या. कंपनीची नोंदणी, सोशल मीडियाची खाती, मित्रांना बातमी देणं, हे सगळं त्यानंतर.

३. डोमेन आधीच कुणीतरी घेतलेलं असेल तर? गाडी इथेच अडते, माझीही अडली होती.

मला हवं असलेलं डॉट कॉम कुणीतरी नुसतं घेऊन ठेवलं होतं. नोंदीत मुदत संपायची तारीख दिसली आणि मी शहाण्यासारखा वाट बघत बसलो. तारीख उलटली, पण नाव काही सुटेना. पुढे कित्येक आठवडे मी रोज सकाळी तपासत होतो, आणि एके दिवशी तिथे तिसऱ्याच माणसाची साइट दिसली.

नंतर कळलं ते असं. मुदत संपली म्हणजे नाव मोकळं झालं, असं नसतं. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार (म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणारा) ते ४५ दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो. रजिस्ट्रारने काढून टाकल्यावरही जुन्या मालकाला सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही. बरेच रजिस्ट्रार तर त्या पहिल्या ४५ दिवसांतच नाव लिलावात काढतात. त्यातूनही सुटलं, तर क्षणात उचलायला यंत्रं टपलेली असतात. हाताने टाइप करणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून मुदत संपायची वाट बघत बसू नका.

"केस करून काढून घेऊ" हाही सल्ला मिळेल. डोमेनच्या तंट्यांसाठी १९९९ पासून यूडीआरपी नावाची पद्धत आहे, पण त्यात समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतलं आणि वापरलं हे सिद्ध करावं लागतं. तुमचा धंदा जन्मण्याआधी ज्याने नाव घेतलं, त्याला तुम्ही ठाऊकच नव्हता. मग हेतू कसला दाखवणार?

उरतात दोनच वाटा. अजून काही छापलं नसेल, तर यादीतलं दुसरं नाव उचला. मी आज डोळे मिटून हेच करेन. पण पहिल्याच नावाशिवाय चालणार नसेल, तर ते आत्ताच विकत घ्या, धंदा गाजायच्या आधी. फेसबुक सुरुवातीला 'द' लावून चालत होतं. नुसतं नाव मिळवायला २००५ मध्ये २ लाख डॉलर मोजावे लागले. तुमचं नाव जसजसं होत जातं, तसतसा मालकाचा आकडाही वाढतो. बोलणी करताना धंद्याच्या ईमेलवरून लिहू नका, मोठमोठे बेत सांगू नका आणि पैसे एस्क्रोमधूनच द्या, म्हणजे नाव हाती येईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थामार्फत. थेट पैसे पाठवून नावाची वाट बघणं म्हणजे निव्वळ जुगार. आणि हो, सौदा होण्याआधी वेबॅक मशीनवर (वेबसाइटच्या जुन्या प्रती जपणारी साइट) त्या पत्त्याचा पूर्वेतिहास बघा. तिथे आधी नको ते काही चालत असेल, तर तो वारसाही तुमच्याच गळ्यात पडतो.

४. नोंदणी स्वतःच्या किंवा कंपनीच्या नावावर करा. वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात कधीही नाही.

५. ऑटो-रिन्यू, म्हणजे मुदत आपोआप वाढवण्याची सोय, चालू ठेवा. संपर्कासाठी त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की रिन्यूची आठवण करून देणारे मेलही येईनासे होतात.