हँडबॉलसाठी वजन आणि उड्या एकत्र कशा करायच्या
जिममध्ये नुसतं वजन उचलून जंप शॉट (उडी मारून हवेतून गोलवर थ्रो) उंच जात नाही, ताकद पटकन वापरता आली पाहिजे, म्हणून स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) झाला की त्याच सेशनमध्ये उड्या घ्या. आधी जड स्क्वॉटचे 4-5 रेप्स, मग 3-4 मिनिटं खरंच थांबायचं (इथेच सगळे घाई करतात), आणि मग बॉक्स जंप (भक्कम खोक्यावर उडी) 5, प्रत्येक उडी पूर्ण जोर लावून. असे 3 राउंड बास झाले. हातासाठी बेंच प्रेसनंतर (बेंचवर झोपून वजन वर ढकलणं) मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड बॉल, जोरात फेकायचा, 2-3 किलोचा पुरतो.

पण आधी लँडिंग शिका, प्लीज. हँडबॉलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट बरेचदा एका पायावर उतरताना नाहीतर झटक्यात दिशा बदलतानाच जातं. उतरताना गुडघा आत वळतोय का ते मोबाईलवर समोरून शूट करून बघा, वळत असेल तर बॉक्स बाजूला ठेवा आणि जागच्या जागी छोट्या उड्या मारून आवाज न करता उतरायची प्रॅक्टिस करा. उजव्या हाताने थ्रो करणारे सहसा डाव्या पायावर उडतात, सराव एकाच पायाला होऊ नये म्हणून एका पायाच्या उड्या दोन्ही बाजूंनी करा.

आठवड्यातून दोनदा, मध्ये 48 तास गॅप, मॅचच्या आदल्या दिवशी अजिबात नाही.