छोट्या ट्रॅक्टरवर बेलर (गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र) चालवताना थ्रॉटल नाही, गिअर कमी करा
गवताची ओळ जाड आली की बरेच जण थ्रॉटल मागे घेतात, म्हणजे इंजिनचा वेग कमी करतात, आणि तिथेच गडबड होते, पीटीओ (ट्रॅक्टरचा यंत्राला फिरवणारा दांडा) मंदावला की पिकअपमध्ये, म्हणजे बेलरच्या गवत उचलणाऱ्या भागात, गवत तुंबणार आणि शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) तुटणार. बेलर ५४० आरपीएमचा असेल तर पीटीओ तेवढ्यावरच ठेवा, ट्रॅक्टर मात्र खालच्या गिअरमध्ये हळू न्या. ओळीच पातळ ओढल्या तर अजून बरं, लहान इंजिनला तेवढंच झेपतं. आणि वाळलंय का ते वरवर बघू नका हं, खालच्या थरातली मूठभर काडी घेऊन पिळा, कडकन मोडली तर बांधायला घ्या, नुसती वाकली तर थांबा, कारण ओलावा २० टक्क्यांच्या वर असला की गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, कधीकधी पेटतोसुद्धा. तुंबलेलं काढायचं तर आधी पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद.