मागच्या दिव्याचा इशारा येतोय? नवा बल्ब आणण्याआधी अर्थिंग बघा

दुचाकीच्या मीटरवर मागच्या दिव्याचा इशारा लागला की दोनच सल्ले कानावर येतात. एक, ‘नवा बल्ब टाक’. दुसरा, ‘एलईडी टाक, कटकटच नको’. पहिल्यात बल्बचे पैसे बऱ्याचदा फुकट जातात, कारण दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे दिव्यातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वाटेत असतो. दुसऱ्यात कटकट दुप्पट होते.

हा इशारा दिवा ‘बघून’ येत नाही. गाडीतला कंट्रोलर, म्हणजे इशारा देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, फक्त दिव्याकडे जाणारा करंट मोजतो. मागच्या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे जळणाऱ्या तारा, असतात. २१ वॅटचा ब्रेकचा फिलामेंट १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, ५ वॅटचा टेल लाइटचा साधारण ०.४. याहून बराच कमी करंट दिसला की त्याच्या लेखी बल्ब गेला. म्हणजे बल्ब ठणठणीत असतानाही इशारा येऊ शकतो, आणि भानगड नेमकी तिथेच असते. तुमच्या गाडीत असा इशाराच नसेल, तरी पुढचं सगळं लागू आहे. तिथे इशारा मागून येणारा देतो, हॉर्न वाजवून.

चावी ऑन करा, गाडी शटरकडे पाठ करून लावा, पुढचा ब्रेक दाबा, मग मागचा. काय लागतं, काय नाही, ते बघून ठेवा. फ्यूज बघा.

मग बल्ब काढा. काच काळी किंवा दुधी झाली असेल तर तो गेलाच. नुसत्या डोळ्यावर मात्र जाऊ नका. तुटलेला फिलामेंट टेकून राहतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो. मल्टिमीटरवर (व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र) थंड बल्बचा २१ वॅटचा फिलामेंट जेमतेम अर्धा-एक ओहम दाखवतो, ५ वॅटचा दोन-तीन. ब्रेक दाबल्यावर मीटरचे दिवे उजळत असतील तर तुटका फिलामेंट बहुधा दुसऱ्यावर पडलाय. ५ वॅटचाच आधी जातो, त्यात नवल नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच उरलेलं नाही, आणि त्याच्याबरोबर टेल लाइटही दिवसभर जळत असतो.

नवा बल्ब २१/५ वॅटचाच घ्या. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. जोर लावून उलटा बसवलात तर टेल लाइट कायम भगभगीत जळेल आणि ब्रेक लागलेला मागच्याला कळणारच नाही.

इथवर कोणीही करतो. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, तरी इशारा जात नाही, त्यापुढे खरं काम आहे. या टप्प्याने मला फार छळलंय, म्हणून इथे सावकाश घेतो.

गॅरेजमध्ये काय करतात? बल्ब काढतात, होल्डरमध्ये मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की म्हणतात, ‘सप्लाय ओके आहे’. या तपासणीला काडीचाही अर्थ नाही. मल्टिमीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे वायरीतली एक तार जरी शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ दाखवतो. तोटी बंद असताना कचरा अडकलेल्या पाइपातही प्रेशर असतंच. धार बारीक आहे हे तोटी उघडल्यावर कळतं. बल्ब ही ती उघडी तोटी. तेव्हा तपासणी बल्ब लावून आणि पेटवूनच करायची.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. ब्रेकचा लिव्हर रबर गुंडाळून दाबलेला ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, चॅसीवर नाही. लाल पिन बल्ब होल्डरच्या धातूच्या कडेला टेकवा. होल्डर प्लॅस्टिकचा असेल तर त्याच्या अर्थिंगच्या वायरीत मागून टाचणी घालून. आता आकडा वाचा. ०.१ किंवा त्याहून कमी आला तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट आला तर संशय घ्या. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला: तेवढे व्होल्ट बल्बला मिळायच्या ऐवजी गंजात जळताहेत. मल्टिमीटर नसताना ओळखायची खूण म्हणजे ब्रेक दाबल्यावर टेल लाइट मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर तोही लुकलुकतो. असं दिसलं की बल्बला हातही लावू नका.

सप्लायच्या बाजूनेही हेच करा. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी होल्डरकडे येणाऱ्या वायरीत. इथे स्विच, फ्यूज, कपलर (वायरी जोडायचे प्लग) मध्ये असल्याने अर्धा व्होल्ट पडला तर चालतो, दीड पडला तर नाही. वायरीच्या रंगावरून अर्थिंग ठरवू नका. होंडाची हिरवी असते, बऱ्याच गाड्यांत काळी. आधी कोणी जोड मारून ठेवला असेल तर पोपटीसुद्धा.

आता ते बिघडतं कुठे? होल्डरमध्ये पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर पॉलिश पेपरने घासा. पण जास्त वेळा दोष सीटखाली सापडतो, जिथे वायरिंग वळून मडगार्डकडे जातं. साडी गार्ड किंवा कॅरिअरच्या बोल्टखाली वायर चेपलेली असते. दुधाचे कॅन आणि द्राक्षांचे क्रेट वाहणाऱ्या निफाड-दिंडोरीकडच्या गाड्यांत मी हे वारंवार पाहिलंय: सीट उचलली की आवरण धड दिसतं, पण बोटांत धरून वाकवलं की एका जागी वायर मऊ लागते. आतली तार तिथेच तुटलेली असते. हायसिक्युरिटी नंबरप्लेट बसवताना मागे दबलेल्या वायरीही निघाल्यात. टेल लाइट चालू ठेवून वायर हातभर हलवत जा. दिवा जिथे फडफडेल तिथे थांबा.

दुरुस्ती करताना आवरण सोला. तांबं काळं पडलं असेल तर कापत मागे जा, लालसर चकचकीत दिसेपर्यंत. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, नुसता गोळा बसतो. सोल्डर, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि जोड हलणार नाही अशी टाय. पीळ मारून टेप गुंडाळायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. इगतपुरीकडे एक पाऊस खाल्ला की परत तिथेच येता. अर्थिंगची नवी वायर टाकायची असेल तर ती बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. रंगाच्या थरावर स्क्रू आवळून अर्थिंग मिळत नाही.

दिव्याच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं असेल तर काडीने मोकळं करा. ‘पाणी शिरतं’ म्हणून सगळीकडून सिलिकॉन लावणारे आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतात. सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरचा फवारा थेट दिव्यावर मारू देऊ नका.

एलईडीबद्दल. ती फारच कमी करंट ओढते, म्हणून कंट्रोलर तिला गेलेला बल्ब समजतो. मग दुकानदार एलईडीला समांतर जोडून जादा करंट ओढणारा रेझिस्टर विकतो, ६ ते ८ ओहमचा. तो पंचवीसेक वॅट उष्णता टाकतो आणि प्लॅस्टिकला बांधला तर ते वितळवतो. त्याहून वाईट म्हणजे उद्या एलईडी खरंच गेली तरी रेझिस्टर करंट ओढतच राहतो आणि मीटर गप्प बसतं. कसारा घाटातल्या धुक्यात तुमच्या मागे दिवा नाही, हे तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत. साधा बल्ब परत लावा. हट्टच असेल तर निदान लाल एलईडी घ्या. लाल काचेमागे पांढरी गुलबट दिसते.

ब्रेक लाइट सतत जळत असेल तर मागच्या ब्रेकच्या स्विचची सेटिंग बघा. स्विचची बॉडी धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. बॉडी फिरली तर वायरी पिळतात. ब्रेक लागण्याच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे.

सगळं झाल्यावर चावी बंद-चालू करा आणि दोन्ही ब्रेक एकेकदा दाबा, कारण काही गाड्या ब्रेकचा दिवा पेटल्यावरच मोजतात. मग स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्याने फेरी मारा. हँडल वळवताना ब्रेकचा दिवा जात-येत असेल तर मागे शोधत बसू नका. पुढच्या ब्रेक स्विचची वायर हँडलच्या मानेपाशी तुटत आलेली आहे.