फर्निचरला पॉलिश करून घेताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या घरांत लाकडाच्या पॉलिशला सगळ्यात जास्त त्रास देतात बोअरचं जड पाणी, एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन आणि पाठोपाठ येणारी पावसाळी दमट हवा. तरीही पॉलिशवाल्याला पहिला प्रश्न असतो तो चमक किती येईल हाच. आधी ठरवायला हवं ते वेगळंच: या वस्तूवर रोज काय सांडणार, काय आपटणार?

जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझरचे दोन थेंबही तिला पुरतात. साधारण ७५-८० अंशांना ती मऊ पडते. वरणाचं गरम पातेलं ठेवलं की पांढरं वर्तुळ उमटलंच. शोकेस, झोपाळा, जुन्या वाड्यातलं सागवानी कपाट यांच्यावर मात्र लाखेसारखं दुसरं पॉलिश नाही, आणि ते खरवडून न काढता जागच्या जागी दुरुस्त होतं. जेवणाचं टेबल, मुलांचं अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकघरातली दारं यांना टू-पॅक पीयूच (पॉलियुरेथेन, यात वेगळ्या डब्यातला हार्डनर मिसळून मग लावतात) करा. मेलामाइन पॉलिश पलंग-कपाटाला चालतं. ते कडक असतं, पण ठिसूळ, त्यामुळे कडांना मार बसला की टवके उडतात. फॉर्मल्डिहाइडचा उग्र वासही काही दिवस राहतो, तेवढे दिवस त्या खोलीत लहान मुलांना झोपवू नका.

फिनिश सॅटिन किंवा मॅट घ्या. आरशासारख्या ग्लॉसवर धूळ, बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे लगेच दिसतात.

जुन्या वस्तूवर थेट पीयू मारू नका. आधी खाली काय आहे ते तपासा. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर धरा. जागा चिकट झाली तर लाख आहे. काही झालं नाही तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ करायच्या थिनरचा बोळा धरा. मऊ पडलं तर एनसी लॅकर, तरीही जसंच्या तसं राहिलं तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू. साध्या चपडी लाखेत नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही आणि पुढे पोपडे निघतात. म्हणून लाख पूर्ण काढा, मग १२०, १८०, २२० अशा क्रमाने पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. मधला नंबर गाळला तर स्टेन (लाकडाला रंगछटा देणारं द्रावण) लावल्यावर ओरखडे उठून दिसतात. नव्या सागवानात स्वतःचं तेल असतं. पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने पुसलं नाही तर पॉलिश वाळायला वेळ लावतं.

भर पावसाळ्यात काम काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि लॅकर दुधाळ दिसतो. पीयूच्या हार्डनरला हवेतली ओल लागली की बारीक बुडबुडे येतात. मेच्या दुपारी थिनर इतक्या झपाट्याने उडतो की हात सारखा बसतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, मोजून घ्या. अंदाजाने ओतलं की पॉलिश एकतर चिकट राहतं नाहीतर ठिसूळ होतं. प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर हलका फिरवून धूळ पुसायची. पीयू स्प्रे करणाऱ्याकडे चांगला मास्क हवाच, रुमालाने भागत नाही.

टेबलाच्या फळीची खालची बाजू कोरी ठेवू नका. एकाच बाजूने ओल शोषली की फळी वाकते.

पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडा लागतो. तोवर गरम भांडी नकोत. आणि संरक्षण म्हणून पारदर्शक प्लास्टिक अंथरायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा: त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ पॉलिशमध्ये उतरतो, उन्हाळ्यात प्लास्टिक चिकटतं आणि उचलताना थरच ओढून आणतं. सुती टेबलक्लॉथ टाका.

पीयूवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पडले तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन ओलसर फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करा. लाखेवरचं पांढरं वर्तुळ म्हणजे थरात अडकलेली ओल; स्पिरिटचं जेमतेम ओलसर फडकं त्यावरून झटकन फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही.

पाट-चौरंगाला जवसाचं तेल लावत असाल तर हात पातळ द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. एकेक मोकळं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.