कोल्हापूरहून त्सुनामी बेटावर एका दिवसात: या चुका टाळा

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्सुनामी बेट आम्हाला दिसलंच नाही. पहाटे साडेचारला रंकाळ्यावरून दोन गाड्या सुटल्या. नऊ माणसं, त्यात आमची आत्या आणि तिची दोन नातवंडं. मालवणजवळच्या देवबागला पोचून बोट ठरवेपर्यंत साडेअकरा झाले. लाइफ जॅकेटं चढवली, बोट निघाली आणि थोड्या वेळात बोटवाल्यानं इंजिन मंद केलं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे गुडघाभर पाण्यात उभी असलेली पंधरा-वीस माणसं.

"वाळू कुठाय ओ?" आत्यानं विचारलं.

"आज पुनव मा? वाळू खय गावतली आता! चार वाजता येवा."

चार वाजता आम्ही परतीच्या रस्त्याला लागलेलो असणार होतो. दीडशे-एकशेसाठ किलोमीटर गाडी हाकून आम्ही पाण्यात उभं राहून फोटो काढले आणि आलो. त्यानंतर पाच-सहा वेळा जाणं झालं. दरवेळी एखादी नवी चूक केली, काही दुसऱ्यांच्या पाहिल्या. त्या इथं लिहितो.

तिथी न बघता तारीख ठरवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि कोल्हापूरकर ती हमखास करतात. आपण रविवार बघतो, हॉटेलचं बुकिंग बघतो, घाट चालू आहे का बघतो. भरती-ओहोटी कुणीच बघत नाही, कारण आपल्या पंचगंगेचं पाणी चढतं ते पावसाळ्यात, दिवसातून दोनदा नव्हे.

त्सुनामी बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा पट्टा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात, म्हणून हे नाव. भरतीला त्यातला बराच भाग पाण्याखाली जातो. पावसाळ्यात त्याचा आकारही बदलतो, त्यामुळं मित्रानं गेल्या वर्षी काढलेल्या फोटोवर जाऊ नका.

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही तीनच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागं सरकते, म्हणून हे पाऊणचं गणित जमतं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. अर्धा-एक तास इकडंतिकडं होतं, तेव्हा नक्की वेळेसाठी मोबाइलवर मालवणचं कोष्टक बघावं. पण भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता हाच हिशेब आमच्या सहलीला लावून बघा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही साडेअकराला गेलो होतो. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्तच चढतं. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडली नसती.

अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास ओहोटी येते, आणि ही वेळ सहलीला सोयीची वाटते. पण ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, वाळू जेमतेम उघडी पडते. मला विचाराल तर द्वादशी-त्रयोदशी सगळ्यात बरी. तेव्हा तीन-चारच्या दरम्यान चांगली ओहोटी असते, ऊनही कललेलं असतं. देवबागला मुक्काम असेल तर द्वितीया-तृतीयेची सकाळ घ्या. आठच्या सुमाराला लांबच लांब वाळू मिळते आणि गर्दी उठलेली नसते.

तिथी चुकलीच आणि तुम्ही भरतीला तिथं पोचलात, तर बोट घेऊ नका. गाडी वळवून अर्ध्या तासावरच्या मालवण जेटीवर जा आणि सिंधुदुर्ग किल्ला आधी उरका.

किल्ल्यावरचा तास दरवाजातच घालवणं

किल्ल्याची बोट माणसांना सोडते आणि साधारण तासाभरानं परत न्यायला येते. आपली मंडळी त्यातली वीस मिनिटं दरवाजापाशी सेल्फीत घालवतात. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, आवार अठ्ठेचाळीस एकरांचं. तासात सगळं होत नाही. आधी आत शिरा: राजाराम महाराजांनी बांधवलेलं श्री शिवराजेश्वर मंदिर, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मग तटावर. फोटो परतताना काढा. आपल्या लोकांनी तरी इथं घाई करू नये. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडं गेलं, त्याआधी हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता.

मिसळ खाऊन बोटीत बसणं

पहाटे निघायचं तर कुणीतरी म्हणतंच, "मिसळ हाणूनच जाऊया." कट, जादा तर्री, वर ताक. मग करूळ किंवा फोंडा घाटाची वळणं आणि मग लाटांवर डुलणारी बोट. पुढचं सांगायला नको.

उपाशीपोटी जाणं हाही उपाय नाही, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. दोन इडल्या, केळ किंवा चटणी-भाकरीचा तुकडा एवढं पुरतं. कटाची हौस परत आल्यावर भागवावी. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर बोटीच्या आधी तास-दोन तास घ्यावी लागते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. तिनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये, आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

बोटीत पोट ढवळायला लागलं तर टोकाला बसू नका, मधे या. मधली जागा सगळ्यात कमी हलते. मोबाइल खिशात घाला आणि आभाळ-पाणी मिळतं त्या रेषेकडं बघत राहा. आलेपाकाची वडी तोंडात ठेवली तर बरं वाटतं. आणि उलटी आलीच तर वारा कुठून येतोय ते बघून मगच वाका. आमच्या एका मित्रानं ते बघितलं नव्हतं. त्याच्या मागं बसलेल्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

जॅकेट नुसतं अडकवणं

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. जॅकेटचे सगळे पट्टे लावून झाले की दुसऱ्याला खांद्याशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून वर दोरी बांधणं हा उपाय नव्हे. लहान मापाचं मागा, नसेल तर दुसरी बोट बघा. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरायला लाजू नका. मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागतो आणि बोटी बंद होतात, त्या पावसाळा संपल्यावर सुरू होतात. मधल्या काळात कुणी "नेतो की" म्हणालं तर जाऊ नका.

"आम्ही पंचगंगेत पोहलेली माणसं"

वीरधवल खाडेच्या गावची माणसं आपण, पोहण्याचा अभिमान असणारच. पण बेट नदीच्या मुखावर आहे. ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्याच तोंडातून समुद्राकडं धावतं. वरून संथ दिसतं, खाली पायाखालची वाळू सरकत असते. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन-तीन तास ओढ सगळ्यात जास्त, आणि वाळू उघडी पडते म्हणून गर्दीही तेव्हाच उसळते. बोटवाला सांगेल त्याच बाजूला, कमरेच्या आतच खेळा.

ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध हात मारू नका, दोन मिनिटांत दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा, एक हात वर करा, आणि जमत असेल तर आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा. तिथं जेट स्कीवाले फिरत असतात, हात दिसला की येतात.

उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंग रे) दबून बसलेलं असतं. त्याला धक्का लागला तर ते पळतं, त्याच्यावर पाय पडला तर काटा मारतं. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

मिशी आणि मास्क

किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करतात. मास्कमध्ये सारखं पाणी येतंय अशी तक्रार करणारे निम्मे लोक मिशीवाले असतात. रबराची कड कातडीला चिकटावी लागते, केसांवरून पाणी आत झिरपतं. पिळदार मिशी उतरवायला कुणी तयार होणार नाही. नाकाखालच्या केसांना पेट्रोलियम जेली चोपडा, बरंच काम होतं. बायकांनी कपाळावरच्या बटा कडेखालून बाहेर काढाव्यात. पट्टा करकचून आवळला तर उलट गळती वाढते. काच धुरकटत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा. किळस वाटते, पण उपाय खात्रीचा आहे.

प्रवाळावर उभं राहायचं नाही. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि एका पायानं मोडलेलं प्रवाळ परत वाढायला वर्षं लागतात.

स्कूबा करणार असाल तर एक गोष्ट फक्त घाटावरच्यांना लागू आहे. स्कूबानंतर लगेच उंचावर जाणं विमानात बसण्यासारखंच धरतात, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. पर्यटकांची एकदाची उथळ बुडी किरकोळ असते, तरी स्कूबा सकाळी उरका, घाट संध्याकाळी चढा, आणि प्रशिक्षकाला आधी सांगा की आज रात्री आम्ही कोल्हापूरला जाणार. एकाहून जास्त बुड्या मारल्या असतील तर सरळ मुक्काम करा. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर स्कूबा रद्द.

किल्ली खिशात

तिसऱ्या खेपेला बनाना राइडवरून पडल्यावर दाजींनी खिशाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडीची रिमोटची किल्ली चड्डीच्या खिशात होती. हरवली नव्हती, पण अर्धा तास खाऱ्या पाण्यात मुरली होती. गाडीपाशी येऊन बटण दाबलं तर ढिम्म. "दाजी, आता एसटीनं जाऊया," मी म्हणालो. ताईनं माझ्याकडं असं बघितलं की पुढं बोललो नाही.

असं झालं तर घाबरू नका. बहुतेक रिमोटमध्ये लोखंडी किल्ली लपलेली असते, तिनं दार उघडतं. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर रिमोट त्या बटणाला टेकवून दाबा. आतली चिप बऱ्याच गाड्यांत बॅटरीशिवायही ओळखली जाते. आमची अशीच सुरू झाली. मग रिमोट उघडून नाण्याएवढी बॅटरी काढा, आतला भाग गोड्या पाण्यानं विसळा, कारण मीठ राहिलं की गंज चढतो. पूर्ण वाळल्यावर नवी बॅटरी घाला. त्याहून सोपं म्हणजे किल्ली किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडं देणं. असा एक माणूस दर सहलीत असतोच.

फोन पाऊचमध्ये घालण्याआधी पाऊचमध्ये नुसता कागद घालून तो बादलीत बुडवून बघा. रोख पैसे थोडे जवळ ठेवा. बोट ठरवताना दर माणशी आहे की बोटीचा, किती वेळ आणि कुठंकुठं, हे चढण्याआधी विचारा. बेटावर सावली आणि शौचालय धरून चालू नका.

कोल्हापुरी पायताण घालून जाणं

२०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आपलं पायताण मिरवायला कुणाला आवडत नाही! पण ते खऱ्या कातड्याचं. खाऱ्या पाण्यात भिजलं की वाळताना कडक होतं, वर मिठाचे पांढरे डाग उमटतात, आणि बोटीच्या ओल्या फळीवर ते साबणासारखं घसरतं. अनवाणीही नको, खडकांवरची कालवं पाय कापतात. मागं पट्टा असलेली रबरी चप्पल घ्या. पायताण भिजलंच तर गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, उन्हात अजिबात नको, आणि मग तेलाचा हात फिरवा.

शेवटच्या खेपेला आम्ही त्रयोदशी धरून गेलो. सकाळी किल्ला, दुपारी माशाचं जेवण, साडेतीनला बेट. आत्याला अखेर वाळू मिळाली. तिनं पदर खोचून बैठक मारली आणि भडंगाचा डबा उघडला. तेवढ्यात वारा सुटला. भडंगातली वाळू पाखडून निघत नाही, तेव्हा डबा बोटीतच उघडा.