उरलेल्या चिकनचे नवे पदार्थ करताना या चुका टाळा

कालचं चिकन आज फ्राइड राइसमध्ये घातलं की वातड होतं, त्याचे कटलेट केले की तेलात विस्कटतात आणि सूप केलं की गरम पाणी प्यायल्यासारखं लागतं. तक्रारी तीन, पण मूळ एकच. शिजून झालेल्या चिकनकडून आपण कच्च्या चिकनचं काम मागत असतो.

कच्च्या मांसातली प्रथिनं साधारण ५० अंश सेल्सिअसला आकसू लागतात आणि ७० च्या आसपास तंतू पिळल्यासारखे होऊन आतलं पाणी बाहेर टाकतात. हे सगळं पहिल्या वेळीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे उरलेलं चिकन मसाला आत ओढून घेत नाही, मिश्रण बांधून ठेवत नाही आणि पाण्यात फारशी चवही सोडत नाही. सोडण्यासारखी होती ती आधीच्या रश्श्यात उतरली. आता त्याला शिजवायचं नाही, फक्त गरम करायचं आहे. बाकीचा पदार्थ आधी पूर्ण तयार करायचा आणि चिकन सगळ्यात शेवटी घालायचं, एवढा क्रम पाळला तरी निम्मी भानगड मिटते.

चिकन कढईत फार लवकर पडतं

सवयीने हात तसाच चालतो: तेल, कांदा, मग चिकन, मग भाज्या, शेवटी भात. कच्च्या चिकनला हा क्रम ठीक आहे, शिजलेल्याला मात्र ती दहा-बारा मिनिटांची शिक्षा होते.

दोघांच्या फ्राइड राइसला ३५० ग्रॅम गार भात, १५० ते २०० ग्रॅम चिकन आणि दोन अंडी पुरतात. कढई चांगली तापवून एक टेबलस्पून तेलात अंडी ढवळा आणि बाजूला काढा. आणखी एक टेबलस्पून तेल घालून लसूण आणि कांदा एक मिनिट, बारीक चिरलेल्या भाज्या दोन-तीन मिनिटं, मग भात मोठ्या आचेवर तीन मिनिटं परता. शितं सुटी होऊन भात वाफाळला की चिकन आणि अंडी घाला आणि दोन मिनिटं हलवत राहा. एक टेबलस्पून सोया सॉस कढईच्या कडेने सोडा. मीठ त्यानंतरच, तेही चव बघून, कारण चिकनला मीठ आधीच लागलेलं आहे आणि सॉस त्याहून खारट.

दोन मिनिटांत चिकन आतून गरम होतं का? तुकडे १ सेंटीमीटरचे असतील तर होतं. आतलं तापमान ७४ अंशांवर जायला हवं, आणि मोठा तुकडा तिथवर पोहोचेपर्यंत बाहेरून पार सुकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा. आतून स्पष्ट वाफ निघाली तर ठीक. नुसता कोमट लागला तर झाकण ठेवून आणखी मिनिटभर द्या.

कापण्याची दिशाही बघा. छातीच्या तुकड्यावर बारीक समांतर रेषा दिसतात, ते तंतू. सुरी रेषांच्या बाजूने चालवली तर प्रत्येक तुकड्यात लांब दोऱ्या राहतात आणि त्या चावत बसाव्या लागतात. सुरी आडवी चालवली की तेच मांस दाताखाली सहज तुटतं. कापायचं असेल तर गार असताना कापा, पिंजायचं असेल तर कोमट असताना.

पास्त्यालाही हाच नियम. सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळ ठेवा, पास्ता उकळलेलं अर्धी वाटी पाणी त्यात घाला आणि चिकन शेवटची तीन मिनिटं मंद आचेवर त्यात राहू द्या. कोरड्या तव्यावर परतण्यापेक्षा सॉसमध्ये गरम केलेलं चिकन नेहमीच मऊ राहतं. आधीचा रस्सा दह्याचा असेल तर तो पुन्हा खळखळून उकळू नका, दही फुटतं. सतत ढवळत, हळूहळू तापवा.

छाती आणि तंगडी एकाच मापाने तोलली जातात

तंगडी आणि मांडीच्या मांसात चरबी जास्त असते, शिवाय सांध्याभोवतीचं कोलॅजन शिजून चिकटसर, ओलसर झालेलं असतं. हे मांस पुन्हा गरम होणं बऱ्यापैकी सोसतं. छातीचा भाग सोसत नाही. म्हणून दोन्ही वेगळे डब्यात भरा: तंगडीचं मांस सूप, पास्ता, भातासाठी, छातीचं सँडविच आणि सॅलडसाठी. छाती गरमच खायची असेल तर बारीक पिंजून भरपूर सॉसमध्ये घाला.

कातडीचं काय? फ्रिजमध्ये ती रबरासारखी होते आणि सॉसमध्ये गेली की बुळबुळीत लागते. ती सोलून कोरड्या तव्यावर मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं ठेवली की स्वतःच्याच चरबीत कुरकुरीत होते. चुरून सूपवर घाला. फेकून देणाऱ्यांची कीव येते.

कटलेट विस्कटतात

सर्वाधिक निराशा इथेच पदरी पडते. कच्च्या खिम्यात मीठ घालून मळलं की त्यातलं प्रथिन चिकट होतं आणि तापल्यावर सगळं मिश्रण धरून ठेवतं. शिजलेल्या चिकनमधलं हे प्रथिन आधीच घट्ट झालेलं असतं, त्यामुळे कितीही मळलं तरी ते मिळून येत नाही. धरून ठेवणारं काहीतरी बाहेरून द्यावंच लागतं.

२५० ग्रॅम चिकनला २०० ग्रॅम उकडलेला बटाटा, एक अंडं, तीन टेबलस्पून ब्रेडचा चुरा आणि एक परतलेला कांदा घ्या. साधारण ६० ग्रॅमचे आठ-नऊ कटलेट होतात. बटाटा सालासकट उकडा, पाणी काढून सोला आणि गरम असतानाच कुस्करा, म्हणजे वाफ निघून जाते. मग पूर्ण गार होऊ द्या. ओलसर बटाटा असेल तर चुरा वाढवत बसावं लागतं आणि कटलेट शेवटी पिठूळ लागतात.

चिकन किती बारीक करायचं यावर बरंच अवलंबून असतं. तंतू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब राहिले तर ते कटलेटच्या कडेतून मिशीसारखे बाहेर येतात, आणि तेलात पडल्यावर नेमकी त्याच जागी चीर जाते. आवरण उघडतं, तेल आत शिरतं. मिक्सर सलग फिरवला तर उलट अडचण होते, कोरडा भुगा तयार होतो. एक-एक सेकंदाचे पाच-सहा झटके पुरतात, किंवा सुरीने चिरा.

कटलेट दीड सेंटीमीटर जाड थापा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग मैदा, फेटलेलं अंडं, ब्रेडचा चुरा या क्रमाने घोळवा. तेल १७५ ते १८० अंश हवं. ब्रेडचा कण टाकला की लगेच बुडबुडे येऊन वर यायला हवा. प्रत्येक बाजू दोन ते अडीच मिनिटं. उलटण्याची घाई करू नका: खालची बाजू खरपूस झाली की कटलेट आपणहून सुटतं, चिकटलेलं असेल तर ते अजून तयार नाही. सगळे तळण्याआधी एकच तळून बघा. तो फुटला तर मिश्रणात आणखी एक-दोन चमचे चुरा घालून दहा मिनिटं थांबा.

बटाटा नको असेल तर घट्ट व्हाइट सॉस करा: ४५ ग्रॅम लोणी, ४५ ग्रॅम मैदा, २५० मिली दूध. पळीला लगदा चिकटून भांड्याचा तळ मोकळा दिसेपर्यंत शिजवायचा. हे मिश्रण मात्र दोन तास गार केल्याशिवाय वळताच येत नाही.

मसाला लावून मुरत ठेवणं

शिजलेल्या चिकनला दही-मसाला चोळून रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. चव आत जात नाही आणि मुदतीतला एक दिवस फुकट जातो. त्यापेक्षा चव बाहेरून चढवा. २०० ग्रॅम चिकनला दोन चमचे लोणी, चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, अर्धा चमचा मिरपूड. लसणीचा कच्चा वास गेला की चिकन घालून दोन मिनिटं घोळवा, आच बंद करा आणि चमचाभर लिंबाचा रस पिळा. रोलमध्ये भरायला हे तयार झालं.

ओल्या पुठ्ठ्यासारखा वास

गरम केलेल्या शिळ्या चिकनला कधी कधी असा वास येतो आणि लोक ते खराब झालं म्हणून टाकून देतात. बहुतेक वेळा ते खराब झालेलं नसतं. शिजताना मांसातलं लोह सुटं होतं आणि त्याच्या मदतीने चरबी हवेतल्या ऑक्सिजनशी झटपट संयोग पावते. एक-दोन दिवसांत फरक नाकाला कळतो. साध्या उकडलेल्या किंवा भाजलेल्या चिकनमध्ये तो जास्त, भरपूर आलं-लसूण-मसाला असलेल्यात कमी. रश्श्यात बुडवून ठेवलं किंवा हवा न राहील असं घट्ट गुंडाळलं तर ही क्रिया मंदावते. वास येऊ लागला असेल तर क्रीमसारख्या सौम्य पदार्थाच्या वाटेला जाऊ नका, तिथे तो उघडा पडतो. आलं, मिरी, लिंबू, टोमॅटो असलेलं काहीतरी करा. किंवा गरमच करू नका, गार खाल्लं तर तो फारसा जाणवत नाही.

गार खायच्या पदार्थांत चुका मोजक्याच. गरम चिकनमध्ये मेयोनेज घातलं की ते फुटून तेलकट होतं, म्हणून चिकन पूर्ण गार हवं. २५० ग्रॅमला चार टेबलस्पून पुरे. त्यातलं निम्मं घट्ट दही घेतलं तरी चालतं. काकडी घालणार असाल तर चिरून पाव चमचा मीठ लावा, पंधरा मिनिटांनी पिळा आणि मगच घाला. नाहीतर तासाभरात वाटीच्या तळाशी पाणी साचतं आणि सँडविच भिजतं. ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावलं तर तेही वाचतं.

सूप मांसाचं नाही, हाडांचं करायचं

मांस तासभर उकळून सूप दाट होत नाही, मांसाचा चोथा तेवढा होतो. एका अख्ख्या चिकनची हाडं (मांस सोडवून बाजूला काढलेली, ताटातली उष्टी नव्हे), दोन लिटर गार पाणी, एक कांदा, एक गाजर, आठ-दहा मिरी. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा, पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतपतच. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात फेटली जाऊन पाणी गढूळ होतं. प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास पुरतो. गाळल्यावर चव घ्या. पाणचट वाटलं तर मीठ घालण्याआधी एक तृतीयांश आटवा. मीठ घालून आटवलं तर खारट झालेलं सूप सावरता येत नाही. पिंजलेलं मांस शेवटच्या तीन मिनिटांत घाला. नूडल्स वेगळ्या उकडा, त्यातच शिजवल्या तर अर्धं सूप पिऊन टाकतात.

चूक आदल्या रात्रीच झालेली असते

वास ठीक आहे म्हणजे चिकन ठीक आहे, असं नसतं. आजारी पाडणारे जिवाणू बहुधा वास किंवा चव बदलत नाहीत. शिजल्यापासून दोन तासांच्या आत चिकन फ्रिजमध्ये जायला हवं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. अख्खं पातेलं तसंच ठेवू नका: मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो आणि शिजवूनही तग धरलेले जिवाणूंचे बीजाणू तिथेच वाढतात. उथळ डब्यांत, पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थरात भरा. रात्रभर ओट्यावर राहिलेलं चिकन सकाळी उकळून सुधारत नाही. काही जिवाणूंचं विष उष्णतेला दाद देत नाही.

फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली असेल तर मुदत तीन ते चार दिवस. ही मुदत चिकन पहिल्यांदा शिजलं त्या दिवसापासून मोजायची. तिसऱ्या दिवशी त्याचे कटलेट केले म्हणून पुढे आणखी चार दिवस मिळत नाहीत. सोबत उरलेला भातही वापरणार असाल तर मुदत भाताची धरा: तो लगेच गार करून फ्रिजमध्ये गेलेला हवा आणि एका दिवसात संपायला हवा.

एवढ्यात संपणार नसेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका, चौथ्या दिवशी घाईघाईने नव्हे. हाडं काढा, २०० ते २५० ग्रॅमचे वाटे करा, पिशवी चपटी करून हवा काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांवर तीन-चार महिने चव चांगली राहते. मेयोनेज घातलेलं सॅलड मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळल्यावर ते फुटतं. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलं तर काही कडा तिथेच कोमट होतात, म्हणून ते लगेच वापरा.

मायक्रोवेव्हमध्ये नुसतं गरम करायचं असेल तर तुकडे एका थरात पसरा, टेबलस्पूनभर पाणी शिंपडा, सैलसर झाका आणि निम्म्या शक्तीवर दीड मिनिट फिरवा. बाहेर काढून तुकडे उलटेपालटे करा, पुन्हा मिनिटभर, मग दोन मिनिटं झाकूनच ठेवा म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी पसरते. आणि डब्यातलं सगळं नको, ताटात वाढायचं तेवढंच काढून गरम करा.